नंदिल कातारी आणि हत्तीची उडी

कान्यकुब्जाच्या कातारआळीत चतुरंगाच्या बाबतीत नंदिल कातारी म्हणेल ती पूर्व दिशा. लाकडाच्या सोंगट्या कातून कातून त्याची बोटंही प्याद्यांसारखी आखूड आणि गोलमटोल झाली होती. डावावरून कुणाचं वाजलं की दोघं त्याच्या ओसरीवर येत, आणि हातातलं काम न थांबवता तो निकाल देई, "जुना पाटलिपुत्री नियम आहे." त्याने पाटलिपुत्र पाहिलेलं नव्हतं. त्याच्या बापानेही नव्हतं. पण एवढ्या लांब विचारायला जाणार कोण?

हा खेळ मुळात आला कुठून, याचा आळीत कुणालाच पत्ता नव्हता. कुणी म्हणे एका ऋषीने काढला, कुणी म्हणे झोप न येणाऱ्या राणीने, आणि समोरचा तेली म्हणे हूण पळून गेले तेव्हा मागे विसरले. नियमांचं तर विचारूच नका. त्यातही हत्ती म्हणजे कहरच. कातारआळीचा हत्ती तिरपा जाई, मधलं घर उडी मारून ओलांडी आणि दुसऱ्या घरात उतरे. गंगेपलीकडचा हत्ती एकेकच घर चाले, चारही कोपऱ्यांना किंवा सरळ पुढे.

आणि नंदिलच्या मुलीचं, मदयंतीचं, मन जडलं ते नेमकं गंगेपलीकडे.

नंदिलने कातलेल्या सोंगट्या रंगवायला जात त्या पलीकडच्या तीरावरच्या वामुक रंगाऱ्याकडे. टोपली घेऊन नावेने जायची ती मदयंती. गेली दोन वर्षं दर खेपेला एक हत्ती वामुककडेच राहून जाई आणि तो आणायला तिला दुसऱ्या दिवशी परत जावं लागे. वामुकचा मुलगा रेवंतक मोजण्यात इतका कच्चा कसा, याचं नंदिलला नवल वाटे. नंदिलची बायको गोमिनी मात्र सगळं समजून गप्प होती.

सोयरीक पक्की करण्याआधी दोन्ही बापांनी चतुरंगाचा एक डाव खेळायचा, ही तिथली रीत. कोण जिंकतो याला महत्त्व नाही. भांडण न होता डाव संपला की गूळ वाटायचा. मध्येच कुणी पटावरून उठलं, की सोयरीक मोडली.

ठरल्या दिवशी सकाळी वामुक आला. कोपरापर्यंत लाल हात, वर भारदस्त मिशा. सातू-दही झालं, विडे झाले, पट मांडला. आळीतले झाडून सगळे ओसरीवर दाटले. पाच-सहा चाली अगदी गोडीगुलाबीत झाल्या. मग नंदिलने हत्ती उचलला आणि आपल्याच प्याद्याच्या डोक्यावरून पलीकडे टेकवला.

"हे काय?" वामुक म्हणाला.

"हत्ती."

"हत्ती दिसतोय हो. तो उडाला कसा?"

"उडाला नाही, उडी मारली. पाटलिपुत्री नियम आहे."

"अहो नंदिलभाऊ, हत्तीला कधी उडी मारताना पाहिलंत? चार पाय आणि एक सोंड, म्हणून चार कोपरे आणि एक घर पुढे. शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"मग तुमचा हत्ती सोंडेवर चालतो का?" तेली मागून ओरडला आणि ओसरी खदखदली.

वामुकच्या मिशा थरथरल्या. "माझ्या आज्याचा हत्ती आहे तो! त्याची टिंगल होते त्या घरात मला मुलगा द्यायचा नाही." त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. उठलाच आता.

नंदिलने दाराकडे पाहिलं. मदयंती चौकटीला धरून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"थांबा! बसा, वामुकदादा," तो म्हणाला. "पाटलिपुत्र वगैरे सगळं झूट आहे. मी सहा वर्षांचा होतो. भोक पाडायची तापलेली सळई मी बाबांच्या पटावर ठेवली आणि हत्तीच्या तिरप्या वाटेतलं शेजारचं घर आरपार जळलं. सोंगटी ठेवली की खाली पडायची. बाबांना लाज वाटली. शेजारी खेळायला आले तर म्हणाले, हत्ती ते घर ओलांडतो, जुना नियम आहे. तेव्हापासून अख्खी आळी उड्या मारतेय."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने हे तोंडाबाहेर काढलं होतं. मेलेल्या बापाला चारचौघांत खोटं पाडलं म्हणून त्याला रडू येत होतं.

तेली उसळला. "लाज नाही वाटत? पोरीच्या लग्नासाठी बापाची अब्रू काढतोस?"

"आमच्या हत्तीला भोकातून पडलेला म्हणतो!" दुसरा किंचाळला.

"अरे, खरंच सांगतोय! पट आहे घरात! अगं, सातूच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवलाय तो आण!"

गोमिनी बाहेर आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग वामुककडे. वामुक पुन्हा मांडी घालून बसला होता आणि लाल हातांनी डोळे पुसत होता.

"कुठला पट?" ती म्हणाली. "आपल्या घरात असलं काही नाही."

"अगं पण..."

"पुरे, नंदिलभाऊ," वामुक म्हणाला. "मी काय दूधखुळा आहे? पण लेकीसाठी एवढं धडधडीत खोटं बोलणारा व्याही मला दुसरीकडे कुठे मिळणार? उडवा तुमचा हत्ती. हवा तर नदीपार उडवा!"

डाव संपला. कोण जिंकलं ते कुणी पाहिलं नाही. गूळ वाटला गेला आणि तेल्याने दोनदा घेतला.

नंदिल मात्र महिनाभर धुसफुसत होता. कान्यकुब्जात चतुरंगाच्या एका नियमाचा उगम पक्का ठाऊक असलेला तो एकटा माणूस, आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवीना.

पाठवणीच्या दिवशी त्याने नावेत मदयंतीच्या मांडीवर एक गाठोडं ठेवलं. तिने सोडून पाहिलं. आत जुना, सातूने माखलेला पट होता. हत्तीशेजारच्या घराला काळ्या कडेचं भोक होतं. तिने त्यातून बोट घातलं, खालून हलवलं आणि रडता रडता हसू लागली.

"बाबा, म्हणजे आपला हत्ती खरंच..."

"चूप," नंदिल नाक ओढत म्हणाला. "सासरी कुणी विचारलं तर पाटलिपुत्री नियम आहे."