पास्कलने सांगितलं नाही

पास्कल गेल्याचा फोन त्याच्या मुलीने केला. "अंकल, डॅड इज नो मोअर," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. मी दुबईत, अल मनखूलमध्ये त्यांच्या मागच्याच गल्लीत राहतो. चपला घातल्या की नाही तेही आठवत नाही, पण पोचलो तेव्हा तो कॉटवर होता आणि रेजिनावहिनी त्याच्या शर्टाची वरची गुंडी लावत होत्या. रात्री हार्ट अटॅक आला आणि खलास, इतकं साधं. मी त्याच्या पायाशी बसून सख्ख्या भावासाठी रडावं तसा रडलो. आता काही आठवडे उलटल्यावर त्या रडण्याचं काय करायचं, हे मला कळत नाही… म्हणून पेपरासाठी हे लिहायला बसलोय.

आम्ही एकाच कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत होतो. वसईचा पास्कल ऑफिसात अॅडमिनला आणि कुडाळचा मी, सावंत, वर्कशॉपमध्ये. कंपनीचे मालक अल ऐनचे. सगळे त्यांना अरबाब म्हणत, आम्हीही तेच म्हणायचो. त्यांना नाद एकच, बदकांच्या शिकारीच्या जुन्या सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन जमवायचा. तरुणपणी सिंधमधल्या तळ्यांवर मित्रांबरोबर बदकं मारायला जायचे, तिथून हे वेड लागलं. हिवाळ्यात कुठल्यातरी परदेशी तळ्यावर जाणं म्हातारपणीही सुटलं नव्हतं. एकदा त्यांच्या एका बेल्जियन बंदुकीचं पुढचं झाकण फिरेना, तेव्हा पास्कल पुढे होऊन म्हणाला, "अरबाब, मेरा दोस्त है वर्कशॉप में, उसका हाथ देखो आप." मी लाकडाला ओरखडा न पाडता ते झाकण सोडवलं आणि त्या दिवसापासून आम्हा दोघांना अल ऐनच्या घरी बोलावणं सुरू झालं.

परवाने त्यांचे आणि कपाटाच्या किल्ल्याही त्यांच्याच कमरेला. आम्ही तेलाची आणि फडक्याची माणसं. शनिवारी सकाळी पास्कलच्या गाडीने निघायचं, वाटेत करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा घ्यायचा आणि दुपारपर्यंत त्या थंड खोलीत बसायचं. पाण्यात वापरलेली बंदूक उघडली की आतून वाळलेला चिखल निघायचा. कधी स्प्रिंगच्या वेटोळ्यात तेलाने चिकटलेलं बदकाचं पीस सापडायचं. नळीतून फडकं ओढायचं, गंजाचे ठिपके बारीक पोलादी लोकरीने उतरवायचे, अक्रोडाच्या लाकडाला जवसाचं तेल तळहाताने चोळायचं, हात गरम होईपर्यंत. पास्कलला आधी यातलं काही येत नव्हतं. ते मी त्याला शिकवलं, आणि तो शिकलाही मनापासून. अरबाब शेजारी कॉफी पीत बसायचे आणि या बंदुकीने कुठल्या थंडीत, कुठल्या लव्हाळ्यांत बसून काय केलं, ते सांगायचे. बदक मारलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. पण त्या माणसाला ते पहाटेचं पाणी किती आवडायचं, ते मला कळायचं.

सगळ्यांत लाडकी होती ती बेल्जियन, पाठीला कुबड असलेली. तिची नळी बार उडाला की मागे सरकते. तो धक्का झेलायला पुढच्या लाकडाखाली एक लांब स्प्रिंग असते, एक पितळी कडं आणि एक पोलादी रिंग. हलकी काडतुसं असली तर रिंग स्प्रिंगच्या मागे ठेवायची. बदकांसाठी भारी काडतुसं वापरायची असली तर ती पुढे, पितळी कड्याला टेकवून लावायची. चुकलात तर धक्का सगळा लाकडावर येतो. पास्कलला मी हे इतक्यांदा सांगितलं होतं की तो माझी नक्कल करायचा, "सावंत गुरुजींची रिंग."

एका हिवाळ्यात मी कुडाळला गेलो होतो. परतलो तर शनिवारी पास्कलचा फोन नाही. विचारलं तेव्हा म्हणाला, "अरे, अरबाबची तब्येत बरी नाही. आता त्यांना घरात कोणी नको असतं. मीसुद्धा क्वचितच जातो, तेही फाइलवर सही घ्यायला." मी म्हटलं, निदान भेटून येऊ. तर म्हणाला, "नको, यार. बुरा मान जाएंगे." मी मानलं. पास्कलने सांगितलेलं न मानायचं कारणच काय होतं? पुढे मी दुसऱ्या कंपनीत गेलो आणि अल ऐनचा रस्ता सुटला तो सुटलाच.

पास्कल मात्र सुटला नाही. फोन करायचा, घरी यायचा. आणि मधूनच सहज विचारल्यासारखं करायचा, "सावंता, अक्रोडाच्या लाकडाला बारीक तडा गेला तर आतून काय भरायचं रे?" किंवा, "ऑगस्टच्या दमटपणात नळीवर कुठलं तेल टिकेल?" मी म्हणायचो, आता तुला कशाला पाहिजे? "असंच. आठवण येते," म्हणायचा. मला बरं वाटायचं. वाटायचं, याला पण तेच दिवस आठवतात. मी खुलून, हातवारे करून सांगायचो. दर नाताळला त्यांच्याकडे जेवायला असायचो, आणि वाढताना पहिलं ताट माझं असायचं.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी अरबाब त्याच्या फ्लॅटवर आले. काठी टेकत, मुलाच्या आधाराने, पण चांगले खणखणीत. मी उठून सलाम केला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग शेजारी बसवून हळू आवाजात म्हणाले, "सावंत, एक बात बोलो. रिंग पीछे क्यों छोड़ा?"

"कौन सा रिंग, अरबाब?" मी विचारलं.

"मेरा बेल्जियम. तुम्हारा आना बंद हुआ, वो सर्दी में मैं ले के गया, भारी कारतूस डाला, लकड़ी फट गया. पास्कल बोला, सावंत ने जोड़ा था, अभी शरम से नहीं आता." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मैं गुस्सा नहीं था, वल्ला. मैं तो तुम्हारा रास्ता देखता था. एक बार आ के बोल देते, बस…"

समोर पास्कलचा फोटो होता, मेणबत्ती होती. आतल्या खोलीत बायका रोझरी म्हणत होत्या. मेलेल्या माणसाच्या घरात बसून काय बोलायचं असतं? पण माझ्या तोंडून निघून गेलं, "अरबाब, मैं तब इंडिया में था. वो मैंने नहीं जोड़ा था."

"तो किसने?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता फोटोकडे पाहिलं. मग नुसतं "अच्छा" म्हणाले आणि हातातली कॉफी तशीच खाली ठेवली.

मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होतो. घाबरला असेल, नोकरी जाईल असं वाटलं असेल. पण नोकरीची भीती काही आठवड्यांत ओसरते. हा माणूस वर्षानुवर्षं माझ्याशेजारी बसून जेवला. माझ्याकडून विचारून घेतलेलं तेल तिथे नेऊन लावलं. तडा त्याने पाडला आणि तो भरायचा कसा, तेही मलाच विचारलं. मी चूक करून तोंड लपवणारा माणूस आहे, असं एका भल्या माणसाला त्याने खुशाल समजू दिलं.

महिना झाल्यावर चर्चमध्ये झालेल्या मिस्सेनंतर मी वहिनींना गाठलं. "वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी नाकारलं नाही. "प्रत्येक नाताळला तुम्ही यायच्या आधी म्हणायचा, आज सांगूनच टाकतो. मग तुम्ही यायचात, हसायचात… त्याचा धीर व्हायचा नाही."

"आणि तुम्ही?"

"मी त्याची बायको, भाऊ." मग म्हणाल्या, "पेपरात लिहिणार आहात असं ऐकलं. लिहा. पण मग सगळं लिहा. तो वाईट होता असं नाही, आणि नुसता चांगला होता असंही नको."

मागच्या शनिवारी अरबाबनी गाडी पाठवली. खोली होती तशीच होती. दाराआड खुंटीवर दोन एप्रन टांगलेले. एक पास्कलचा, तेलाच्या डागांनी काळवंडलेला. दुसरा माझा, धुतलेला, इस्त्री केलेला, घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. अरबाब म्हणाले, "हर महीने घर ले जाता था, धो के लाता था. मैं बोलता, वो आदमी तो आता नहीं, किसलिए? वो बस खूंटी पे टांग देता था."

मी माझा एप्रन खाली काढला. तो हातात धरून उभा राहिलो, आणि मनात आलं ते असं की, अरे, हा दर महिन्याला धुवून आणायला जमत होतं, मग माझ्या गल्लीत येऊन चार शब्द बोलायला काय झालं होतं तुला…

एप्रन परत खुंटीला लावला. पास्कलचा काढला आणि तो घातला. मला तो पोटावर सैल होतो. नाडी दोनदा गुंडाळून बांधली आणि कामाला बसलो.