आप्पांच्या फोनवरून पडलेलं मत

"मॅडम, तो पोल आधी डिलीट करा!" सकाळी सकाळी सरपंचांचा फोन. माझा चहा अजून गाळायचा होता.

मी ग्रामसेविका. म्हणजे पंचायतीचं दप्तर सांभाळायचं आणि गावानं केलेल्या घोळाच्या शिव्या खायच्या. गाव तळेगाव ढमढेरेच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, तिथं अजून नोकरी करायचीय.

वाद होता नळाच्या नव्या लाइनचा. आधी सरपंचांच्या मळ्याकडं, की खालच्या वस्तीत? मळ्यात घरटी बोअर. वस्तीतल्या बाया हंडे घेऊन हायवे ओलांडतात. ट्रकवाले काय थांबतात होय! पण या बाया ग्रामसभेला येत नाहीत. आल्याच तर मागं भिंतीला टेकून गप्प.

सरपंचांना, म्हणजे आमच्या आप्पांना, शक्कल सुचली. "गावच्या ग्रुपवर पोल टाका. लोकशाही हाय."

"आप्पा, कुणी कुठं मत दिलं ते नावानिशी दिसतं."

"दिसू द्या की! कोण माझ्या विरोधात जातंय ते तरी कळंल."

ग्रुपात सगळे पुरुष, त्यामुळं निकाल ठरल्यातच जमा. मी पोल टाकला जेवणं उरकायच्या वेळेला. तेव्हा गड्यांचे फोन बायकांच्या हातात असतात, सिरियल बघायला. वेळ मी मुद्दाम निवडली नव्हती. नंतर विचारणा करणाऱ्या तालुक्याच्या साहेबांनाही मी हेच सांगितलं.

सकाळी बघते तर खालची वस्ती कुठल्या कुठं पुढं. आणि तिला पहिलं मत कुणाचं? खुद्द आप्पांचं! मला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या.

"मत बदलता येतं का?" आप्पांनी फोनवर आवाज बारीक केला.

"येतं की. पण स्क्रीनशॉट पार दौंडला पोचलाय. तुमच्या मेव्हण्यांनी अभिनंदन केलंय."

तेवढ्यात मागून काकू, म्हणजे आप्पांची बायको, कडाडल्या, "मीच दिलंय! पाण्यापायी बाया दुपारी येत्यात कामाला. माझी कांदालागण कवा व्हायची?"

आता आली का पंचाईत! घरचीच फितूर, हे गावाला कोणत्या तोंडानं सांगणार?

पोल म्हणजे काही कायदा नव्हे, ठराव ग्रामसभेतच होतो. तिथं आप्पा छाती काढून म्हणाले, "पहिलं मत मीच दिलं. गरिबाचं आधी!" टाळ्या पडल्या. काकू भिंतीला टेकून पदरात हसत होत्या.

वस्तीत पाणी आलं. आप्पांच्या फोनला बोटाचं लॉक आलं, मग गावभर लॉकची साथच आली.

इंटरनेटवर सगळे समान, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. काकूंनी आता स्वतःचा फोन घेतलाय, ग्रुपात यायची रिक्वेस्टही टाकलीय. ॲडमिन आप्पा आहेत. रिक्वेस्ट अजून पेंडिंग आहे.