हाय का न्हाई

लिंबामामा गेल्याचा सांगावा घेऊन जो माणूस आला, तो दारात उभा राहून आधी हसला आणि मग त्याला आठवलं की आपण कशासाठी आलोय. मला त्याचा राग आला नाही. मामाची गोष्ट सांगायची म्हटलं की सांगणाऱ्याच्या तोंडावर आपसूक हसू यायचं, मग ती त्याच्या मरणाची का असेना. सकाळी मामा मांजरा नदीवरून आला, मासे मामीपुढे ठेवले, मीठ बेतानं घाल म्हणाला आणि भिंतीला पाठ लावून बसला. मामी कालवण चाखायला घेऊन आली तेव्हा... हे ऐकताना माझी भाकरी तव्यावर होती, ती करपून गेली. मामानं ती बघितली असती तर म्हणाला असता, मी मेलो म्हणून भाकर कशापायी जाळलीस?

आता महिना उलटून गेला. दुपारी घरची माणसं रानात गेली की मी हे लिहायला बसते. चारचौघांत मला बोलता येत नाही. मामाच्या दहाव्याला जो तो त्याच्याविषयी काहीबाही सांगत होता आणि मी खांबामागे उभी होते. सांगण्यासारखं सगळ्यात जास्त माझ्याजवळच होतं. शिक्षण माझं चौथीपर्यंत. ते चौथीला का थांबलं, तेही मामाच्या गोष्टीतच येतं.

मामा म्हणजे माझ्या मायचा धाकटा भाऊ. नांदूरघाटाच्या खालच्या अंगाला, मांजरेच्या काठावर त्याचं गाव. शेत होतं, बैल होते, पण जीव सगळा गळ टाकण्यात. माय म्हणायची, आमचा लिंबा पाळण्यात असतानाच पाण्याकडे तोंड करून झोपायचा. मी चौथी पास झाले त्या साली नागपंचमीला लिंबाच्या झाडावरच्या झोक्यावरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. एका धनगराने ते बसवलं, वेळूच्या कांब्या लावून बांधलं. हाड बसलं, पण कांब्या सोडल्यावर बघतो तर हातात जोर म्हणून नाही. पेन्सिल धरली की गळायची. पाण्याचा तांब्या उचलेना. शाळा सुटली त्याचं कुणाला फार वाटलं नाही, पण माय रात्रंदिवस माझ्या हाताकडे बघायची. ज्या हाताला भाकरी थापता येत नाही, ती पोरगी कुणाच्या घरी द्यायची? शेजारणी हेच तोंडावर विचारायच्या. धनगर म्हणाला होता, हात बसवून ठेवू नका, हलवत राहा. पण हलवायला गेलं की कळ यायची, आणि मी तो परकराच्या घोळात घेऊन बसायचे.

दिवाळीला मायने मला मामाकडे ठेवलं. मामा नदीवर निघाला की मी मागोमाग जायचे आणि खडकावर बसायचे. एक दिवस त्याने आपली काठी माझ्या उजव्या हातात दिली. चांगली मनगटाएवढी कळकाची काठी ती. धरली न धरली तोच शेंडा पाण्यात गेला. मामा म्हणाला, "मासं हसतेत बघ आपल्याला." मीही हसले. पडल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्यासाठी काठी करायला बसला. अंधारा पक्ष लागेपर्यंत वेळू तोडायचा नाही, नाहीतर भुंगा लागतो, म्हणून आधी नुसता बेटात फिरून वेळू बघून ठेवायचा. मग एक वाळका, पातळ अंगाचा निवडला. बुडाचा भाग तसाच पोकळ ठेवला. शेंड्यासाठी दुसरा वेळू उभा चिरला आणि त्याची नुसती वरची चिवट साल घेतली. आत गर भरला असतो तो वजनाचा, बळ सगळं सालीत, असं तो मला समजावून सांगायचा. विस्तवावर धरून वाक काढायचा, काचेच्या तुकड्याने खरवडायचा, जवसाचं तेल पाजून उन्हात ठेवायचा. दोन्ही तुकडे जोडायला रेशीम पाहिजे होतं. ते त्याने कुठून आणलं हे मामीला तिच्या लग्नातल्या शालूचा पदर विरळ दिसला तेव्हा कळलं. मामी शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ह्या माणसानं मला नेसवून आणली अन् आता सोडायला लागला." मामाने लाख वितळवून गाठीवर लावली आणि सांगितलं, पदर आता पक्का झाला, धुतला तरी निघायचा नाही.

रोज संध्याकाळी परीक्षा व्हायची. मी डोळे झाकून उजवा हात पुढे करायचा, मामा काठी तळहातावर ठेवायचा आणि तिचं वजन लागतंय का ते विचारायचा, "गोदे, हाय का न्हाई?"

"हाय."

मग तो दाराकडे तोंड करून पुन्हा खरवडायला बसायचा. भुसा पडायचा, मामी झाडून काढायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी काठी बोटांत धरून शेंडा वर-खाली करायचा, आधी थोडा, मग जास्त. मला वाटायचं हीही काठीचीच परीक्षा. एकदा त्याची कीव येऊन मी "न्हाई" म्हटलं. त्याने माझ्या मनगटाकडे बघितलं, ते खाली झुकलं होतं. म्हणाला, "तोंड खोटं बोलंल, मनगट कसं बोलंल गं?" आणि काच घेतली.

होळीच्या सुमाराला एका संध्याकाळी मी डोळे झाकून उभीच राहिले. मामाने विचारलं तेव्हा मला वाटलं, अजून ठेवायची आहे. "न्हाई," म्हटलं. डोळे उघडले तर काठी हातावर होती. मामीने गूळ आणला.

पण दोरी राहिली होती. अंबाडीचं सूत पाण्यात फुगून जड व्हायचं. घोड्याच्या शेपटीचे केस पिळून दोरी केली तर ती हलकी होते, पाण्यात दिसत नाही. सारावसुली बघणारे गिरदावरसाहेब दौऱ्यावर आले तेव्हा मामाने त्यांच्या घोडीला पाणी पाजायचं काम मोठ्या अदबीने अंगावर घेतलं. दोरी झाली. मोरपिसाचा दांडा तरंगायला बांधला, आणि पहिलाच मासा लागला तेव्हा दोरी तुटून मासा गळासकट गेला. नदीवरचा म्हातारा भोई बघत होता. तो मामाला म्हणाला, "लिंबाजी, घोडीचं केस कुजकं असत्यात. शेपटी सदा भिजलेली. घोडा बघ, घोडा."

घोडा आमच्या भागात सहजी कुठला? पण वैशाखात माझ्या थोरल्या बहिणीचं, ठकीचं लग्न होतं आणि नवरदेव पांढऱ्या घोड्यावरून येणार होता. मी आणि मामा-मामी लग्नाला आलो. अंतरपाट धरला, भटजींनी मुलीच्या मामाला बोलावलं. मामा नवरीच्या पाठीशी उभा पाहिजे, त्याशिवाय मंगलाष्टकं कशी म्हणायची? मामाचा पत्ता नाही. मुहूर्त जवळ आला, मायचा चेहरा उतरला, वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. शेवटी कुणीतरी बघून आलं. मामा मांडवामागे घोड्याला एका हाताने गूळ चारत होता, दुसऱ्या हाताने शेपटीचा एकेक केस उपटत होता. धावत आला आणि ठकीच्या मागे उभा राहिला. गडबडीत पटक्यात खोचलेले पांढरे केस कानावरून लोंबत होते. ठकी अंतरपाटाआड हसत होती, तिच्या मुंडावळ्या हलत होत्या. घोडेवाला भांडायला आला तर मामा म्हणाला, घोड्याला विचारूनच घेतलेत.

अक्षता पडल्यावर मायने त्याला एका बाजूला घेतलं. मी तिथेच उभी होते. ती म्हणाली, "लिंबा, माझ्या लेकीच्या लग्नात तू घोड्याच्या मागं हुतास?"

मामा खाली बघून म्हणाला, "आक्का, दुसरीच्या लग्नासाठी गेलतो."

 मायने त्याच्या पटक्यातला एक सुटलेला केस नीट आत खोचला.

मृगाच्या आधी मांजरा आटून डोह तेवढे उरतात. त्यातल्या एका डोहावर माझ्या गळाला मरळ लागली. काठी धनुष्यासारखी वाकली. मी घाबरून ओरडले, मामा, धर. मामाने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मासा तुझा हाय. मी कशापायी धरू?" मनगटात कळ आली, पण ही कळ वेगळी होती, आतून कुणीतरी ओढल्यासारखी. दोरी टिकली. काठी टिकली. मरळ खडकावर येऊन पडली तेव्हा मामा तिच्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या हाताकडे बघत होता. मासा वीतभर, पण गावात जाईपर्यंत त्याने तो हातभर केला.

त्या दिवशी मामीने मला परातीपुढे बसवलं. माझी पहिली भाकरी मामाच्या ताटात पडली. त्याने तुकडा मोडला आणि म्हणाला, जरा कच्ची हाय, पण गोल हाय. मामी म्हणाली, "गोल कुठं हाय? मासा खाऊन डोळं बिघडलं का?" तो पुढचा तुकडा मोडून खात राहिला. माझं लग्न झालं तेव्हा तो सगळ्यांच्या आधी माझ्या पाठीशी येऊन उभा होता. घोड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्या घोड्याची शेपटी काळी, पाण्यात उठून दिसणारी होती, हे मला नंतर कळलं.

दहाव्याचं सगळं आटोपल्यावर मामीने मला आत बोलावलं आणि आढ्यातून ती काठी काढून दिली. रेशमाचा रंग गेला आहे, लाख तशीच आहे. मी म्हटलं, मामाने किती दिवस खरवडली ही. मामीला रडता रडता हसू आलं.

"येडे, काठी तर संक्रांतीलाच झालती. पुढं तो दुसऱ्याच कांबीवर काच घाशीत बसायचा. मला म्हणला, तिला सांगू नगंस. अजून खरवडली तर मोडंल, अन् आता काठी न्हाई, पोरीचा हात हलका व्हायचा राह्यलाय."

इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. मामी मात्र रोज तो भुसा झाडत होती.

काठी आता माझ्या घरी आढ्याला आहे. लिहिणं झालं की काढते, जवसाच्या तेलाचा बोळा फिरवते. मग कुणी नाही असं बघून डोळे झाकते आणि ती उजव्या तळहातावर ठेवते. विचारायला कुणी लागत नाही, आवाज कानात आहेच. तळहाताला काहीच जाणवत नाही, मनगट जागचं हलत नाही. तरी तोंडातून येतं, "हाय."

तोंड खोटं बोलतंय, मामा म्हणाला असता... बोलू दे की.