गलबताचं झाकलेलं नाव

लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस असलेलं माणूस गावात एखादंच असतं. आमच्या वाट्याला टीचर आली. ग्रेनाडात नवं सरकार आलं तेव्हा त्यानं मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायची मोहीम काढली होती. आमच्या कॅरिअकू बेटावरही पंधरा-वीस जणांनी हौसेनं स्वयंसेवकाचे बिल्ले लावले. पुढं ते सरकार गेलं, मोहीम गेली, बिल्ले पोरांनी खेळायला नेले. मोहीम संपल्याचं टीचरला मात्र कुणी कळवलंच नाही, असं आम्ही म्हणायचो. ती आपली दर मंगळवारी नि गुरुवारी दुपारी चारच्या ठोक्याला माझ्या दुकानाच्या ओसरीवर येऊन उभी.

सकाळी शेळ्या सोडायच्या, तुरीच्या झाडांखालचं गवत काढायचं, म्हाताऱ्या बापाला खाऊ घालायचं आणि मग इथं. फळा म्हणजे एका फुटक्या गलबताचं काळं रंगवलेलं झाकण. खडू म्हणजे गलबत बांधणारे फळ्यांवर रेघा मारतात त्या खडूचे उरलेले तुकडे. फी म्हणाल तर कुणी ओंजळभर ओल्या तुरी ठेवायचं, त्याही ती नको नको म्हणत घ्यायची. मी एकदा विचारलं, "यातून तुला मिळतं काय गं?" तर म्हणाली, "लुक्रिस, तुझी ओसरी फुकट मिळते, ते काय कमी आहे?"

नवीन माणूस आलं की पहिल्या दिवशी फळ्यावर त्याचं नाव पडायचं. मासे मारणारे, चुना भाजणारे, कांदे लावणाऱ्या बाया, सगळ्यांची नावं त्या फळ्यावर लिहून पुसली गेली. तिचं स्वतःचं कधी पडलं नाही. ती सगळ्यांची नुसती टीचर. खरं नाव फक्त तिची आई घ्यायची, आणि आई जाऊन बारा वर्षं झाली होती. आणि कुणी अडखळत, घाम पुसत एखादा शब्द बरोबर वाचला, तर शाबासकी नाही, काही नाही. एकच वाक्य: "परत वाच."

त्या वर्षी गावातल्या कॉस्नेलनं गलबत बांधायला घेतलं आणि धर्मआई म्हणून टँटी, म्हणजे मावशी, युफेमीला विचारलं. कॉस्नेलला लहानपणी तिनंच वाढवलेलं, तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर तिनं त्याला जन्मभर बोल लावला असता. पण आमच्याकडे गलबताची धर्मआई होणं सोपं नाही. गलबताचं नाव पाण्यात जाईपर्यंत कुणाला सांगायचं नसतं. ते बावट्यावर लिहून बावटा गुंडाळून ठेवायचा. गलबत पाण्यात सोडायच्या दिवशी धर्मआईनं दोरी ओढायची, बावटा उलगडला की सगळ्या गावासमोर नाव मोठ्यानं वाचायचं, आणि मगच माणसांनी गलबताखालचे टेकू तोडायला कुऱ्हाडी उचलायच्या. नाव आधी फुटलं तर ते गलबताला लाभत नाही.

आणि टँटी युफेमीला वाचता येत नव्हतं.

हे फक्त मला ठाऊक आहे, असं मी समजत होते. दुकानात ती डब्यावरचं चित्र बघून माल मागायची. चर्चमध्ये सगळी गाणी तोंडपाठ, शेजारणीनं पान उलटलं की हीपण उलटायची. नाकावर माशी बसू न देणारी बाई. आमच्या ओसरीवरच्या वर्गाला ती 'म्हाताऱ्या बोकडांची शाळा' म्हणायची. ती बाई एका मंगळवारी काठी टेकत आली आणि म्हणाली, "टीचर, बोकडांत एक शेळी चालेल का?"

हसू दाबायला मी आत पळाले.

पाच महिने होते हातात. टीचर जादा दिवस यायला लागली. टँटीला अक्षरं यायला लागली, दोन-दोन जोडताही यायला लागली. पण गलबताच्या फळ्या जसजशा वर चढल्या, तसा तिचा धीर खाली बसत गेला. वाचलेलं दुसऱ्या दिवशी विसरायची. "पालथ्या घड्यावर पाणी आहे हे, टीचर. सोड मला."

"घडा सुलटाच आहे टँटी. तुम्हीच हात धरून बसलाय तोंडावर. परत वाचा."

त्यात एक भानगड झाली. गावात सुरेख अक्षर एकट्या टीचरचं, म्हणून कॉस्नेल बावट्याचं पांढरं कापड घेऊन तिच्याकडेच गेला. तिच्याकडून शपथ घेतली, की नाव तोंडातून बाहेर काढणार नाही. आता टीचरला नाव माहीत, आणि टँटीला हे माहीत, की टीचरला माहीत.

"दोनच शब्द सांग गं," टँटी म्हणायची. "पाठ करते. कुणाला कळणारे?"

"मला कळेल."

"तुझं काय जातंय? वाळूत तोंड लपवायची वेळ माझ्यावर येणारे."

टीचर बधली नाही. टँटी रुसली, दोन आठवडे आली नाही. मग कळलं, की ती जेवत नाही, त्रिनिदादला लेकीकडे निघून जाते म्हणते. धर्मआईच पळाली तर गलबताचा केवढा अपमान! समारंभाला दहा दिवस उरले होते. गुरुवारी टीचर स्वतः तिला हाताला धरून घेऊन आली. वर्ग संपला, सगळे गेले. टीचरनं फळ्यावर दोन शब्द लिहिले: मॉर्निंग ग्रेस. बोलली काही नाही. टँटीनं बघितलं, ओठ हलवले, आणि टीचरनं पुसून टाकलं.

मी दारातच होते. "शपथ होती ना गं?"

"तोंडानं सांगणार नाही अशी होती," ती म्हणाली. पण माझ्याकडे बघितलं नाही. असली पळवाट काढणारी बाई ती नव्हे, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

टँटीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे जगजाहीर. पण या वेळी ती एका शब्दानंही कुणाशी बोलली नाही. तिनं भलतंच केलं. सोमवारी मी तिच्या अंगणात पाणी भरायला गेले, तर पाण्याच्या टाकीवर कोळशानं वाकडंतिकडं लिहिलेलं: मॉर्निंग ग्रेस. एकदा नाही, सहा वेळा. आयुष्यात पहिल्यांदा लिहिता आलं होतं बिचारीला, हात आवरला नाही. मी ओलं पोतं घेऊन सगळं पुसलं आणि आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. टीचरला सांगून तिची झोप कशाला उडवा, म्हणून गप्प बसले.

रविवारी सगळं गाव किनाऱ्यावर. मोठ्या ढोलांचा दणदणाट, चुलींवर मक्याच्या पिठाचं घट्ट कूकू शिजतंय, वाडवडिलांचं ताट वेगळं काढून ठेवलेलं. पाद्र्यांनी गलबतावर पाणी शिंपडलं, कॉस्नेलच्या मामानं रम शिंपडली, बोकडाचं रक्त गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेला, लागलं. मग टँटीला खुर्चीवर उभं केलं. निळा झगा, पांढरी टोपी, चेहऱ्यावर काय तो रुबाब! नाव पाठ होतं ना.

तिनं दोरी ओढली. बावटा सुटला, वाऱ्यानं फडफडला, दोघांनी टोकं धरून ताणला.

टीचरनं माझा दंड एवढ्या जोरात धरला, की वळ उठले. "लुक्रिस, हे माझं अक्षर नाही," ती पुटपुटली. "हा तो बावटाच नाही."

दोन शब्दांऐवजी एकच शब्द होता, आणि तोही आखूड.

टँटीचं तोंड उघडलेलं होतं. 'मॉ' एवढं बाहेरही पडलं, आणि ती थांबली. ढोल थांबले. कुऱ्हाडी खांद्यावर घेतलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "चष्मा विसरली वाटतं म्हातारी." टीचर डोळे मिटून उभी. "माझ्यामुळं," ती म्हणत होती. "माझ्यामुळं झालं हे. तिला येत होतं गं. नुसती घाबरली होती. आणि मी तिच्याहून जास्त घाबरले."

टँटीनं टोपी मागं सारली.

"चष्माबिष्मा काही नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी पाच महिन्यांपासून वाचायला शिकतेय. मला वेळ लागतो. कुणाला घाई असेल त्यानं घरी जावं."

कुणी गेलं नाही. कुणी हसलंही नाही. तिनं बोट पुढं केलं आणि दुरूनच एकेका अक्षरावर ठेवलं, ओसरीवर ठेवायची तसंच.

"ओ," ती म्हणाली. "एस. ऑस..." बावटा धरणाऱ्यांचे हात भरून आले. "एल. ऑस्... लि..." शेवटचं अक्षर तिनं तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवलं. "ऑस्लिन!"

टँटीला तो शब्द अनोळखी होता. माझ्या शेजारी मात्र टीचर मटकन वाळूत बसली, तेव्हा मला आठवलं, तिची आई कुंपणावरून तिला कोणत्या नावानं हाका मारायची ते.

कॉस्नेल आमच्याकडे आला. मला म्हणाला, "टाकीवरचं मी तुझ्या आधी वाचलं, लुक्रिस." आणि टीचरपुढं गुडघे टेकून बसला. "माझ्या गलबताचं नाव तुम्ही फोडलंत, टीचर. म्हणून मी तुमचं घेतलं. पाद्र्यांच्या बाप्तिस्म्याच्या वहीत सापडलं. टँटीला वाचता येत नाही हे मला पोरवयापासून ठाऊक आहे. ती भलतंच नाव पुकारेल, नाहीतर रडेल, असं वाटलं होतं. ती म्हणेल तेही चालेल, असं मी ठरवलं होतं."

टीचर ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. मीही डोळे पुसत होते आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

टँटी अजून खुर्चीवरच होती. कुणाचं नाव ते एव्हाना तिच्या कानावर गेलं होतं. एवढ्या गर्दीत तिनं टीचरलाच हुडकलं.

"मग, टीचर? बरोबर की चूक?"

टीचरनं झग्याच्या टोकाला नाक पुसलं, उठून उभी राहिली, आणि ओसरीवरच्या आवाजात म्हणाली,

"परत वाचा."

टँटीनं परत वाचलं, या वेळी एका दमात, आणि पहिली कुऱ्हाड टेकूवर पडली.