टक्क वाजणारा कंट्रोलर

खडकीच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ माझे शेजारी. प्रत्येक वाक्य 'मुळात'पासून सुरू करतात आणि बोलताना आपल्याकडे न बघता आपल्या घरातल्या वायरिंगकडे बघतात. घरी आले की चहा निवायच्या आत स्विचबोर्ड उघडलेला असतो.

गेल्या रविवारी त्यांनी घरातले दिवे मोबाइलवरून चालवणाऱ्या, स्वतः बनवलेल्या वायरलेस कंट्रोलरचं घरीच अनावरण केलं. हौशी मंडळींच्या ग्रुपवर निमंत्रण होतं: 'साडेदहा म्हणजे साडेदहा. चपला बाहेर काढाव्यात. सूचना विचारल्यावरच कराव्यात.' हिंजवडीतले आठ-दहा इंजिनियर चक्क वेळेवर आले.

त्यांनी मोबाइलवर बोट टेकवलं. घरातले सात दिवे एकेक करून लागले, आणि प्रत्येक दिव्याबरोबर भिंतीत 'टक्क' झालं, अडकित्त्यानं सुपारी फोडावी तसं.

"काका, हल्ली आवाज न करणारे रिले-स्विच मिळतात हो," एक जण म्हणाला.

"आणि अडकित्तेही!" मी जोड दिली. सगळे खो खो हसले.

"मुळात, मिळतात हे मला माहीत आहे," ते भिंतीकडे बघत म्हणाले आणि त्यांनी सगळे दिवे बंद करायचं बटण दाबलं. पुन्हा एकामागून एक टकटक झाली.

आतल्या खोलीतून वहिनींचा आवाज आला, "अहो, सहाच आवाज आले. एक दिवा राहिलाय."

आम्ही वळून पाहिलं. गॅलरीतला दिवा चालूच होता.

वहिनींना दिसेनासं होऊन तीन वर्षं झाली. त्या पाहुण्यांत हे फक्त मला माहीत होतं, आणि सगळ्यात मोठ्यानं हसलो होतो मीच.