देवामागचा खांब

"बूट बाहेर. हातोडी पण बाहेर," तावडेकाका म्हणाले.

मुलुंडच्या बाजारातली जुनी दुमजली इमारत. खाली दुकानं, वर ऑफिसं. दुरुस्तीच्या साइटवर इंजिनिअर मी. वरची लादी उचलली तेव्हा बीमला तिरकी भेग दिसली, थेट काकांच्या दुकानातल्या खांबाकडे जाणारी. तो खांब मला वाजवून बघायचा होता. हातोडीने टकटक केलं की धडधाकट खांब टण्ण वाजतो, आतून सुटलेला डब्ब. पण खांबावर काकांचा लाकडी देव्हारा.

"माझो देव हलवूचो नाय," काका म्हणाले. विषय संपला.

मला संताप आला. इमारतीच्या मालकशेठचं बजेट बेताचं, म्हणून दुकानं चालू ठेवून काम. इतकी वर्षं ह्या शेठनी भेगांवर नुसता रंग मारला. गल्लीत टेम्पो शिरत नाही, रेती मेन रोडवरून घमेल्यांनी आणायची. ठेवायला जागा एकच, जिन्याखाली. आणि आता हे काका. त्यांचा मालवणी मसाला मे महिन्यात विकला जातो, लोक वर्षाची बेगमी करतात. खांब खराब निघाला तर दुकान बंद, म्हणजे वर्ष गेलं. मला कळत होतं. पण खांब काही कॅलेंडर बघून बसत नाही.

कॉलेजात मी भाडेकरूंसाठी पत्रकं लिहायचे. सवय जाते कुठे? ‘जीव मोठा की धंदा?’ असं ठळक छापून सगळ्या दुकानांत वाटलं. दुसऱ्या दिवशी काका त्यातच तिरफळांच्या पुड्या बांधत होते.

"कागद बरो आसा," ते म्हणाले. "अजून काढ."

मी थेट आमच्या कुलकर्णी सरांना फोन लावला. अंधश्रद्धा, बेजबाबदारपणा, नोटीस काढा, सगळं ऐकवलं. सरांनी ऐकून घेतलं.

"ऑडिटचा कागद आहे ना तुझ्याकडे? सगळे खांब तपासले होते आपण. त्या खांबासमोर काय लिहिलंय?"

मी पान काढलं. "ओके लिहिलंय, सर."

"अक्षर कुणाचं?"

माझंच होतं. मला तो दिवस आठवला. गल्ल्यामागे जायचं तर बूट काढावे लागणार होते. माझ्या सेफ्टी शूजना घोट्यापर्यंत नाड्या. सहाव्या दुकानापर्यंत कंटाळा आला होता. मी दारातूनच खांब बघितला, देवांना नमस्कार केला आणि ओके लिहिलं.

मी परत गेले. पायरीवर बसून बूट काढले. काकांना म्हटलं, चूक माझी आहे, मी हा खांब तपासलाच नव्हता.

"माका वाटला, तू तेव्हाच बघून गेलंस. ह्या आधी सांगूक काय झाला तुका, गो चेडवा?"

त्यांनी हात धुतले, एकेक देव काढून पाटावर ठेवला, देव्हाऱ्याची मागची फळी सरकवली. मागे खांबच नव्हता. म्हणजे अर्धाच होता. देव्हारा आत बसावा म्हणून कधीकाळी कुणीतरी काँक्रीट फोडलेलं, मधे आल्या म्हणून दोन सळ्या कापलेल्या. वाजवायची गरजच उरली नाही.

काकांनी कापलेल्या सळीला बोट लावून बघितलं. "माझ्या बापाशीन केल्यान," हळूच म्हणाले. मग, "आणि मसालो खय इकू?"

मी जिन्याखाली बघितलं.

आमची रेती तिथून निघाली, काकांचे डबे आले. महिनाभर आम्ही रोजची रेती रोज आणली. मुकादम माझ्याशी धड बोलत नव्हता. आम्ही बीमखाली लोखंडी टेकू लावले, खांबाला नव्या सळ्या घालून भोवती काँक्रीटचा जाड थर दिला. जिन्याखाली मसाला झकास खपला. वरच्या ऑफिसवाल्यांना रोज शिंका.

देव आता बाजूच्या विटांच्या भिंतीवर आहेत, ब्रॅकेटवर. आणि मी बिननाडीचे सेफ्टी शूज वापरते.