दार उघडायचं की नाही, ते मी ठरवणार

रिपोर्ट माझा, गाठ माझी आणि डॉक्टर बोलत होते माझ्या नवऱ्याशी! ठाण्याच्या त्या केबिनमध्ये ‘ब्रेस्ट कॅन्सर’ हा शब्द माझ्या डोक्यावरून त्याच्याकडे गेला. “केमोथेरपीत यांना न्यूट्रोपेनिया होईल. म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतील. त्या दिवसांत पेशंट व्हल्नरेबल असतो. भेटायला कुणी नको.”

सुरेशने त्यातला ‘व्हल्नरेबल’ हा एक शब्दच घरी आणला. आमच्या डोंबिवलीच्या घरात त्याचा अर्थ झाला ‘बिचारी’. माझी तब्येत लोक फोनवर सुरेशला विचारायचे, मी शेजारी बसलेली असताना. मी काही बोलले की सगळे म्हणायचे, “तू नको गं टेन्शन घेऊस.” अरे, गाठ छातीत झालीये, डोक्यात नाही!

पहिल्या केमोनंतर नवव्या दिवशी मोहने गावाहून थोरल्या जाऊबाई आल्या, शहाळी घेऊन, खोकत. मी आतून ओरडले, “दार उघडू नकोस!” सुरेश म्हणाला, “एवढ्या लांबून आल्यात, बरं दिसत नाही.” आजाऱ्याला बघायला जायचंच आणि आलेल्याला परत पाठवायचं नाही, ही आपली रीत. जाऊबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मला ताप एकशे दोन. चार दिवस ॲडमिट. दुसरा डोस पुढे ढकलला. तेवढ्या दिवसांत ती गाठ आत काय करत असेल, या विचाराने माझा नुसता संताप होत होता. डॉक्टर राउंडला आले तेव्हा सरळ म्हटलं, “माझ्याकडे बघून बोला. व्हल्नरेबल म्हणजे काय?”

ते खुर्ची ओढून बसले. “म्हणजे तुम्हाला चटकन इजा होऊ शकते. ती होऊ नये, हे इतरांनी बघायचं. तुम्ही दुबळ्या आहात, असा त्याचा अर्थ नाही.”

हेच पहिल्या दिवशी मला सांगायला काय झालं होतं? तुमच्या घरी असं कुणी असेल तर आधी त्या माणसाशी बोला.

दुसऱ्या डोसनंतर जाऊबाई पुन्हा आल्या. सुरेश उठला. मी म्हटलं, “बस खाली.” दाराआडूनच सांगितलं, “ताई, आत नका येऊ. मला पुढचा डोस लांबवायचा नाहीये.” पावलं जिन्याने खाली गेली. राग आला असेल तर येऊ दे.

थोड्या वेळाने फोन वाजला. “खाली बाकावर बसलेय. खिडकीत तरी ये गं.”

टक्कल झाकायला ओढणी घेतली होती, ती खुर्चीवर टाकली आणि तशीच खिडकीत गेले. जाऊबाईंनी नाकातोंडाला पदर लावला होता, दोन मजले खालून! मला हसूही आलं आणि रडूही.

तिसरा डोस ठरल्या तारखेला झाला.